धोंड्याचा पाहुणचार

धाकट्या रुद्राणीचं लग्न झालं, त्याच वर्षी अधिक महिना आला. जावई धोंड्याच्या जेवणाला आले ते झोपायची सोय असलेली गाडी घेऊन. तिच्या बॅटऱ्या चार्ज करायला त्यांनी माझा जनरेटर मागितला. माझं मंडपाचं दुकान. चौथ्या दिवशी तोच जनरेटर युसूफ वडगाव या गावातल्या एका लग्नाला न्यायचा होता.

तो अंगणात सारखा धडधडत राहिला.

"बंद करा म्हणू का?" मी बायकोला विचारलं.

"गप बसा. धोंड्याच्या जावयाला न्हाई म्हणत न्हाईत."

तिसऱ्या दिवशी माझ्या बहिऱ्या आईलाही तो आवाज ऐकू आला.

"जावईबापू, घरात लाईट हाय की! मग ह्ये कावून?"

जावई लाजले. "पहिल्यांदाच आलोय. घरची लाईट मागायला अवघड वाटलं."

जनरेटर त्याच दिवशी दुपारी वारला.