बांधाकडची पात

खोडदच्या रानात कांदा खुरपणाऱ्या बायका दुपारच्या भाकरीला बसल्या, तशी गावची आरोग्य सेविका, आशाताई रुपाली, बांधावर येऊन टेकली. अंगणवाडीत बोलावलं तर म्हाताऱ्या येत नाहीत, मग आपणच रानात जावं, हा तिचा खाक्या.

आज तिनं आडवळण घेतलंच नाही. खोकताना, शिंकताना, पाटी उचलताना कुणाकुणाची लघवी गळते, असं सरळ विचारलं. झालं! चौदा जणींच्या माना खाली. जी ती डब्यात लोणच्याची फोड शोधायला लागली.

त्यांतलीच एक कोंडाबाई. साठी उलटलेली बाई. कामावर असताना पाण्याचा थेंब घ्यायची नाही, आणि बांधाकडची पात, म्हणजे खुरपायची कडेची ओळ, कुणाला द्यायची नाही. घाई झाली की चटकन शेजारच्या उसात शिरता यावं. पण कारण सांगणार कुणाला? त्याच पातीवरून साळुबाईशी तिचं वाजलं होतं. साळुबाईलाही तीच पात हवी असायची. सावलीला टपलेली कामचुकार, असं कोंडाबाई तिला चारचौघींत म्हणाली, आणि तीन वर्षं दोघींचं बोलणं बंद. एकाच साली गावात सुना म्हणून आलेल्या, एका ताटात जेवलेल्या या दोघी!

रुपालीनं तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"माझी गळती," साळुबाई म्हणाली. "म्हनून तर बांधाकडची पात मागायची मी."

कोंडाबाईचा घास तोंडातच राहिला. तिला स्वतःची लई लाज वाटली. तिनं भाकरीचा हात तसाच वर केला. मग आणखी पाच हात वर आले.

रुपालीनं सांगितलं, हे वयाचे भोग म्हणून सोसायचं नाही. पाणी तोडायचं नाही, त्यानं त्रास वाढतो. लघवी रोखताना आवळतो तेवढंच अंग आवळायचं, श्वास न कोंडता पाच आकडे मोजायचे, मग सैल सोडायचं. रोज, तीन महिने. फरक नाही पडला तर दवाखान्यात ती स्वतः घेऊन जाईल.

भाकरी आटोपून पाती लागल्या. कोंडाबाई आज बांधाकडची पात सोडून शेजारच्या पातीत बसली. साळुबाई घुटमळली, मग मोकळ्या पातीत येऊन बसली आणि आपली पाण्याची बाटली तिनं दोघींच्या मध्ये ठेवली. कोंडाबाईनं ती उचलली, घटाघटा प्यायली. दोघींची खुरपी चालू झाली.

"कोंडे," साळुबाईनंच शेवटी हाक मारली, "आता तरी बोलशील का?"

कोंडाबाईचं खुरपं थांबलं होतं. नजर समोर, ओठ हलत होते.

"दम धर जरा," ती म्हणाली. "चारवर आलीये. पाच झालं की बोलते."