डायनमोचं कपाळ

"बाई, जुना डायनमो जळला होता, नवा लावून देल्ला," असं सांगून मिस्त्रीने मोटर दिली आणि मूल गावच्या रस्त्यावर ती पुन्हा बंद पडली. नवऱ्यामागे शकुबाईचं घर त्या मोटरीच्या भाड्यावर चालायचं. बैल जुंपून तिने ती चांद्याच्या गॅरेजात परत आणली. "आता इंजिनच गेलं असन. बाईमाणसाले मोटरीतलं काय समजते?" मिस्त्री पान चघळत म्हणाला. तिने बॉनेट उघडायला लावलं. विधवेने कुंकवाला शिवू नये, ही बोलणी खाऊन दसऱ्याच्या पूजेला तिने जुन्या डायनमोला लावलेलं कुंकू त्या 'नव्या' डायनमोवर तेलात माखून तसंच होतं. "काऊन भाऊ, नवा डायनमो कुंकू लावूनच जन्मला काय?" मिस्त्रीने घाईने फडकं उचललं. तिने त्याचं मनगट धरलं. "पुसू नोको. खरा बिघाड शोध. माह्या कपाळाचं पुसलं, तवा मी गप्प बसली होती."