उचलेल त्याचं

दर उन्हाळ्यात परदेशी पोरं यायची, पंधरा दिवस जपानी कायदा शिकायची आणि वसतिगृह सांभाळणाऱ्या शिरोतानीकाकूंशी वकिलासारखी भांडायची. आज इस्तंबूलला निघालेल्या एमरेची कचऱ्याची पिशवी काकूंनी त्याच्याच दारात आणून आपटली.

"बाटल्या, कागद, उष्टं, सगळं एकत्र! वेगळं कर."

"काकू, टाकलेल्या वस्तूवर कायद्यानं मालकी राहत नाही. जो उचलेल त्याची. पिशवी आता तुमची!"

काकूंनी आत हात घातला. आवराआवरीत कचऱ्यात गेलेलं, एमरेच्या नावाचं, कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र बाहेर काढलं आणि त्यावरचा रस्सा एप्रनला पुसला.

"मग हेही माझंच की!"

बस सुटायला वीस मिनिटं होती. एमरे मांडी घालून कचरा वेगळा करायला बसला.

"बाटल्यांची झाकणं वेगळी काढायची हं, वकीलसाहेब."