दोरीवरची काजळी

वाचकहो, आमच्या बंदरावरील धूर नाहीसा झाल्याची हकीकत मी येथे नम्रपणे कथन करीत आहे.

सॅन पेद्रोच्या धक्क्याला माझे जहाज लागले, की त्याच्या काजळीने आमच्या अंगणातील दोरीवरचे कपडे काळवंडत. "आला मेला काळतोंड्या," असे पुटपुटत आई माझ्यासाठी सूप तापत ठेवी.

यंदा नव्या नियमानुसार आम्ही धक्क्यावर इंजिने बंद करून किनाऱ्यावरची वीज घेतली. धुराचा लवलेशही उरला नाही. प्रदीर्घ प्रवासाने थकलेला मी दारात उभा राहिलो. हल्ली विस्मरणाने ग्रासलेल्या आईने मला आपादमस्तक न्याहाळले.


"बसा हो, भाऊ. आमचा विंको अजून समुद्रातच आहे. कपडे बघा ना, कसे पांढरेशुभ्र आहेत."


वाचकांचा ऋणी,
विंको झोरोविच