विहिरीवरचा चिंचोका

निलंग्याजवळच्या त्या गावात, चावडीपुढं, महानंदाबाईंनी रांगोळीनं अख्खं गाव जमिनीवर काढलं होतं. लातूर वेगळा जिल्हा होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. कॉलेजात शिकवणाऱ्या या बाई गावोगाव फिरून लोकांचा जीव कुठं कुठं गुंतलाय त्याचे नकाशे करत होत्या. प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका दिला होता. जी जागा आपली वाटते तिथं ठेवायचा.

कुणी देवळावर ठेवला, कुणी आपल्या बांधावर. बौद्धवाड्यातली भामाबाई पुढं आली आणि तिनं तो सरळ शेषेरावच्या विहिरीवर ठेवला.

शेषेराव उठला. "ती माझी हीर हाय."

"हाव, मालक."

"मंग उचल. तुमच्या वाड्यात ठिव, तिकडं लई जागा हाय."

भामाबाई हलली नाही. त्यानं चपलेनं चिंचोका उडवला. तिनं तो धुळीतून शोधून आणला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

"मालकी कुणाची ते मी विचारलंच नाही," महानंदाबाई म्हणाल्या. "त्यांना काय वाटतं ते विचारलंय."

"काय वाटतं? भामे, उद्यापासून माझ्या रानात यायचं न्हाई. मंग कळंल काय वाटतं ते."

"न्हाई येत," भामाबाई म्हणाली. "बहात्तरच्या दुष्काळात ही हीर आमी खंदली. सुरुंग उडाला तवा माझ्या मान्साचा हात गेला, मनगटापून. मानूस वर काढला, हात गावलाच न्हाई. चार म्हैन्यानं त्योबी गेला. खाली पानी लागलं, आन् तुमी आमाला हिरीवर येऊ देनं बंद केलं. माझं तेवढंच हाय तितं."

शेषेरावनं पायानं रांगोळीतली विहीरच पुसून टाकली.

"घ्या. हितं काईच न्हाई. लिवा, पडीक."

गर्दीच्या कडेला त्याची बायको शिवकांता उभी होती. नुकतीच विहिरीवरून आली होती, कडेवर भरलेली घागर होती. त्या साली गावात पाणी होतं ते त्या एकाच विहिरीला.

"खरं हाय का वो?" तिनं विचारलं. "हात?"

शेषेराव चपलेला लागलेली रांगोळी मातीत घासू लागला.

शिवकांतानं घागर कडेवरून उतरवली, अंगापासून लांब धरली आणि सगळं पाणी मातीत ओतून दिलं. मग पदरानं ओठ पुसले. पुन्हा पुसले.

भामाबाईच्या घरात कालपासून पाणी नव्हतं. ती त्या ओलीकडं बघत राहिली.