दोरीपलीकडे

उद्या गोपिकेचं साक्षगंध. पवनारच्या आश्रमात प्रार्थनेला जाणारा, मुंगीलाही न दुखावणारा मुलगा मनकर्णाआजीने स्वतः पारखून काढला होता. त्यानेच हौसेने दोघींना आर्वीच्या तंबूत तलवारीचा सिनेमा दाखवायला आणलं.

पडद्यावर दरोडेखोर हरला आणि हात जोडून रडू लागला. नायकाने तलवार टाकून त्याला पाणी पाजलं. बायका डोळे पुसू लागल्या, गोपिका मात्र लटलट कापत होती.

"संपली ना मारामारी! आता काऊन भेऊन राह्यली, भित्रट?"

"आजी, मी पडद्याकडे नाई पाहून राह्यली."

आजीने मधल्या दोरीपलीकडे पुरुषांत पाहिलं. मुलगा मुठी आवळून उभा राहून ओरडत होता. "सोडलं काऊन त्याले? उडव मुंडकं!"

आजीने गोपिकेचं मनगट धरलं. "उठ पोरी," ती कुजबुजली, "त्यानं इकडं पाह्याच्या आत घरी चाल."