दुसरा प्रोटॉन

प्रॅक्टिकलची बॅच केव्हाच घरी गेली होती. डहाणूच्या कॉलेजातल्या केमिस्ट्री लॅबमध्ये प्रभा मॅडम आणि सायवन गावची विद्यार्थिनी बारकी, दोघीच उरल्या होत्या. बारकीचं टायट्रेशनचं रीडिंग हवं त्याच्या निम्मंच आलं होतं.

"फ्लास्कमधला रंग बदलला, म्हणून थांबले," बारकी म्हणाली.

"अगं, फॉस्फोरिक अ‍ॅसिड आहे ते. एक प्रोटॉन देऊन मोकळं होणाऱ्यातलं नाही. पहिला चटकन सुटतो आणि रंग बदलतो, पण आत अजून असतात. आता दुसरा इंडिकेटर घाल आणि थेंब थेंब सोडत राहा. घाई करू नकोस."

बारकीने ब्युरेट पुन्हा भरली. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. पुण्याहून मुलगा होता. हात ओले होते, म्हणून मॅडमनी स्पीकर लावला.

"आई, जेवलीस?"

"हो रे, मघाशीच."

"बरी आहेस ना?"

"एकदम मस्त."

"चल मग, ठेवतो."

मॅडम फोनच्या काळ्या पडलेल्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. बारकीने ब्युरेटची तोटी बंद केली. टेबलाच्या कोपऱ्यात मॅडमचा डबा सकाळपासून होता, झाकणसुद्धा न उघडलेला. कालही तो तसाच भरलेला परत गेला होता, हे तिने पाहिलं होतं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तुमचा मुलगापण पहिल्या रंगालाच थांबला."